पोटातले राखणदार

पिंपरी, ता. ९ डिसेंबर १९९८

चि. पोपट यास अनेक आशीर्वाद.

मंचरच्या दवाखान्यात आईला बघून आले. जुलाबांनी ती अर्धी झाली आहे, आणि तू बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात बघत होतास!

डॉक्टर म्हणाले, यांनी अँटिबायोटिक कॅप्सूल वाटेल तशा खाल्ल्यात. आतड्यांत चांगले जंतू जागा धरून बसलेले असतात, म्हणून वाइटांना शिरकाव मिळत नाही. कॅप्सूलनी राखणदारच मारले. मग चोरांना रान मोकळं. आता वेगळं औषध चालू आहे, पण या वयात निभावेल का, ते सांगता येत नाही म्हणाले.

बैलाला औषध द्यायचं तर तू जनावरांच्या डॉक्टरला विचारतोस. आईला मात्र मेडिकलमधून आणून चारल्यास? लाज वाटायला हवी.

राग ओसरला की लोभ आहेच.

तुझी अंजनाआक्का

लोणी, ता. १५ डिसेंबर १९९८

ति. आक्का हिस पोपटचा नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. आईचं अंथरूण रोज दवाखान्यात जाऊन आम्ही नवराबायको धुतो. तू एक दुपार आलीस आणि न्याय करून गेलीस.

मी एकही कॅप्सूल आणलेली नाही. काल आईची पेटी उघडली. एरवी ती कुणाला हात लावू देत नाही. लुगड्यांखाली रिकामी पाकिटं निघाली, भाऊजींच्या कंपनीच्या दवाखान्यातली. दर भाऊबीजेला फराळाच्या डब्यातून तूच आणतेस ना, खोकल्याला असू दे म्हणून? आमची अक्षदा सांगते, आजी शिंकली तरी एक, गुडघा दुखला तरी एक. आता बोल, राखणदार कोणी मारले?

लोभ आहे तिथंच आहे. वर राग बसलाय.

पोपट

लोणी, ता. ११ जानेवारी १९९९

चि. सौ. अंजना हिस आईचा आशीर्वाद.

मी सांगतीय, अक्षदा लिवतीय. सुदरून लिवलं तर फटका खाईल.

घरी आले. जुलाब थांबलं. तुमी दोघं माज्यावरनं भांडताय, पण मला कुणी इचारलं न्हाई. गोळ्या मी खाल्ल्या. खोकला नसला तरी खाल्ल्या. तू भाऊबीजेला येती आन दुसऱ्या दिशी एस्टीत बसती. मग वरीसभर तुजा पाय न्हाई का पत्र न्हाई. पेटी उघडून एक गोळी घेतली, की लेक इचारून गेल्यावानी वाटायचं. हे त्या डॉक्टरला कसं सांगू?

लई राग हाय मला तुजा. पोटातली राखण परत बसायला येळ लागंल म्हणत्यात. तवर हितं येऊन ऱ्हा. डबा आणू नगंस.

तुजी आई
कुशाबाई