एस्टिल रॅटलिफ याच्या मरणाबाबत

मी, डेल्मर हायराम रॅटलिफ, वय पासष्ट, धंदा गाण्याचा, राहणार नॅशव्हिल, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मुख्य गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. नॅशव्हिलचे घर व गाण्यांचे हक्क मुलगी नेल्डा हिला. गिटारही तिलाच, जावयाने गिटारीला हात लावू नये. त्याला सूर लावता येत नाही, आणि ते त्याला कळतही नाही.

२. केंटकीतल्या हेझल फोर्क गावचे आईचे घर धाकटा भाऊ एस्टिल याला. (हे कलम खोडले आहे. कारण चौथ्या कलमात.)

३. हेझल फोर्कच्या दफनभूमीत एस्टिलच्या नावाचा दगड आहे. तो माझ्या खर्चाने फोडावा. खाली कोणी नाही.

हे कसे झाले ते सांगणे भाग आहे. १९४१ साली आम्ही दोघे एका पीठगिरणीने जाहिरातीसाठी चालवलेल्या कार्यक्रमात रोज सकाळी पावणेसहाला रेडिओवर गायचो. पगार नव्हता, संध्याकाळी कोणत्या शाळेत तिकीट लावून गाणार आहोत तेवढे सांगू द्यायचे. गिरणीवाले श्रोत्यांची पत्रे मोजायचे, आणि आमची रोडावली होती. फेब्रुवारीत ओढ्याला पूर आला. मी आदल्या दिवशीच रेडिओ स्टेशनवर पोचलो होतो. एस्टिल शहाणा, पाणी उतरेपर्यंत घरी थांबला. निवेदक क्लाइड व्हॅन्स म्हणाला, "जोडी नाही तर कार्यक्रम नाही. आज शेवटचं गा आणि चालू लाग." लाल दिवा लागला आणि मी माइकवर बोलून गेलो, "माझ्या भावाला काल ओढ्यानं नेलं." मग आमचे भजन गायलो. त्याच्या वरच्या सुराच्या जागा मोकळ्या सोडल्या.

त्या वेळी एस्टिल रेडिओसमोर मक्याची भाकरी खात बसला होता. म्हणाला, "आई, मी गेलो म्हणे. अजून एक वाढ." आई हसली नाही. आमच्याकडे मयत झाले की शेजारी जेवण घेऊन येतात. तासाभरात घेवड्याची पातेली आणि सफरचंदाचे केक घेऊन लोक अंगणात हजर. आई म्हणाली, "माळ्यावर चढ. डेल्मर खोटा पडला तर त्याला कुणी दारात उभं करणार नाही." स्वतःसाठी झालेली प्रार्थना एस्टिलने माळ्यावर पालथे पडून ऐकली.

आठवड्यात सात पोती पत्रे आली आणि मोठ्या स्टेशनने मला बोलावून घेतले. एस्टिल ओहायोत टायरच्या कारखान्यात लागला, आईच्या माहेरच्या आडनावाने. आईच्या अंत्यविधीला तो टोपी पुढे ओढून मागच्या बाकावर बसला, गायलो मीच. तो माझ्याहून चांगला गायचा. पुन्हा कुठेच गायला नाही. हे पाप माझे आहे, आईच्या माथी कोणी मारू नये.

४. हा कागद करून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, वारसाला साक्षीदार होता येत नाही. मी एस्टिलला फोन करून विचारले, घर हवे की सही.

"घर घेऊन काय करू, डेल्मर? त्या गावात मी मेलोय. सही करू दे."

"लोक विचारतील, बेचाळीस वर्षं गप्प का बसलास."

"तुला काय विचारतील ते बघ आधी."

सबब घर गावच्या चर्चला.

५. माझ्या मरणाची वाट न पाहता हा कागद आजच वर्तमानपत्राला द्यावा. नेल्डा रडते आहे. "बाबा, लोक तुमच्या रेकॉर्डी फोडतील." फोडू देत.

एस्टिल अकराच्या बसने येणार होता. आता एक वाजत आला. तो आला नाही तर ही रद्दी आहे, आणि मी पूर्वीइतकाच खोटा. मला भीती वाटते आहे.

नॅशव्हिल, १४ ऑक्टोबर १९८३

सही: डेल्मर हायराम रॅटलिफ

साक्षीदार:

१. वेल्मा प्रॉफिट, वकीलबाईंच्या कारकून

२. एस्टिल रॅटलिफ. बस उशिरा आली. मी जिवंत आहे.