करंगळीशेजारचं बोट

धायरी, पुणे
रविवार, दुपार

आदरणीय शेषराव भाऊजींना भीमरावचा मनापासून जय भीम. ताईलाही सांगावा. (तिला वेगळं पत्र का नाही असं ती विचारेल. म्हणावं, घरात कागद एकच होता.)

तुमच्या गुडघ्याची चौकशी या खेपेला सगळ्यात आधी करतो, कारण मागच्या पत्रात ती शेवटी आली म्हणून तुम्ही रुसला होतात असं तुमच्या आनंदकडून कळलं. तर गुडघा कसा आहे? स्टुलावर चढता येतं का? (हे मी उगाच विचारत नाहीये.) इकडे आम्ही सगळे ठीक. आमचा राकेश रोज हिंजवडीला जातो आणि बहुतेक दिवशी परतही येतो. सूनबाई राधाची बँक चालू आहे. टँकर एक दिवसाआड येतो. आणि तुमची नात अपेक्षा, आमची पाचवीतली, ती मात्र गेले सहा दिवस माझ्याशी बोलत नाही. म्हणजे अगदीच बोलत नाही असं नाही. मी समोर बसलेलो असताना आईला म्हणते, "आजोबांना सांग, चहा झालाय." चूक कोणाची, हे तुम्हीच ठरवा. सगळं सांगतो.

अपेक्षाच्या शाळेत शनिवारी 'करून पाहू' नावाचा तास असतो. दीपमाला मॅडम म्हणून एक बाई तो घेतात. वय असेल तीस, उंची बेताची, पण आवाज असा की आमच्या कंपनीतला पॉवर प्रेसही ऐकून थांबला असता. मोडके बेंच ठेवायची एक खोली होती, ती त्यांनी मागून घेतली. मुलांना घेऊन ती झाडली आणि तिथे पुठ्ठे, दोरे, स्ट्रॉ, बाटल्यांची झाकणं, सायकलचे स्पोक असला सगळा माल गोळा केला. आता हे ऐका. भिंतीवर फळी आहे, तिच्यावर हातोडी, पक्कड, करवत टांगलेली, आणि प्रत्येक हत्याराची बाहेरची रेघ फळीवर रंगवलेली! हत्यार जागेवर नसेल तर लांबून कळतं. भाऊजी, एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली मी. ही एवढी शिस्त आम्हाला लावायला परदेशातून साहेब आले होते, राहिले होते, जेवले होते, आणि ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी पक्कड पुन्हा कोणाच्यातरी खिशात. इथे दहा वर्षांची पोरं पक्कड जागेवर ठेवतात. मला तर गहिवरून आलं. (राधा म्हणते धूळ होती. असेल.)

दारावर एक पाटी आहे, मॅडमच्याच अक्षरात: 'मोठ्यांनी हात खिशात ठेवावेत. खिसा नसल्यास पाठीमागे.' मी ती पाटी वाचली, हसलो, आणि ती आपल्यासाठी नाही असं समजून पुढे गेलो.

या सत्रात मॅडमनी काम दिलं होतं की घरातल्या एका माणसाचा हात मोजा आणि तसा हात बनवा. पुठ्ठ्याची बोटं, आतून स्ट्रॉचे तुकडे, त्यातून दोरे. दोरा ओढला की बोट मिटलं पाहिजे. अपेक्षा दहा दिवस त्याच्यामागे होती. कोणाचा हात ते सांगायला तयार नाही. दार लावून बसायची. मागच्या शनिवारी दुपारी ती मैत्रिणीकडे गेली आणि तो हात टेबलावर राहिला. मी सहज पाहिला. (सहज म्हणजे चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन.) अंगठा जाड, तळवा तिरका, आणि चार बोटं झकास मिटतात पण करंगळीशेजारचं बोट काही केल्या वाकत नाही. दोरा आहे, स्ट्रॉ आहे, पण आत पुठ्ठ्याचा एक तुकडा आडवा चिकटवलेला. म्हटलं, लेकरू चुकलंय, सोमवारी सगळ्यांसमोर फजिती होईल तिची.

आता मी गप्प बसलो असतो, तर मी भीमराव कसला? अडीच तासांत नवा हात केला. ॲक्रिलिकची शीट, पितळेच्या पिना, दोऱ्याच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार. पाचही बोटं अशी मिटतात की हातात पेन दिलं तर सही करतील. इतका सुंदर हात मी नोकरीतसुद्धा केला नव्हता. अपेक्षाने सोमवारी सकाळी तो पाहिला आणि एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आनंदाने बोलती बंद झाली. मुलं शब्द शोधतात अशा वेळी, असं मी राधाला वर समजावलंही.

सोमवारी वर्गातली पहिली पाहणी होती, प्रत्येक मुलामागे घरचं एक माणूस. काय काय केलं होतं पोरांनी, भाऊजी! हात झाल्यावर उरलेल्या वेळात मनाजोगतं काहीही करायची मुभा होती. श्रीनिवास नावाच्या एका चिमुरड्याने बाटलीचा तरंगता गोळा आणि सायकलची घंटी जोडून असं यंत्र केलंय की टाकी भरत आली की घंटी वाजते. धायरीत याच्याहून उपयोगी शोध कोणी लावला असेल तर दाखवा. मी त्याला म्हटलं, तरफ थोडी लांब घे. तो म्हणाला, "काका, घेतली होती, मग घंटी उगाचच वाजायची." आणि मॅडम आधी कार्ड वाचतात. प्रत्येक वस्तूपुढे कार्ड, त्यावर पहिला प्रश्न 'काय फसलं?' आणि दुसरा 'काय जमलं?' फसलेलं आधी! आणि पोरं छाती काढून सांगतात काय काय फसलं ते. आमच्याकडे एक पीस रिजेक्ट झाला की तो लपवायला चार माणसं लागायची.

मग अपेक्षाचा नंबर आला. कार्ड तिने आधीच लिहून दिलेलं होतं. मॅडमनी मोठ्याने वाचलं: 'काय फसलं? चौथं बोट वाकत नाही असं वाटेल, पण ते फसलेलं नाही. माझ्या आजोबांचं बोट प्रेसमध्ये सापडलं होतं, तेव्हापासून ते वाकत नाही. ते तसं करायला मला चार दिवस लागले.' मॅडमनी तार ओढली. पाचही बोटं मिटली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या वर्गाने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि तो खिशात नव्हता.

"हा कोणाचा हात आहे, अपेक्षा?" मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, "आधी आजोबांचा होता. आता कोणाचाच नाही."

भाऊजी, त्या बोटाला तीस वर्षं झाली. टाके घातले तेव्हा मी ओरडलो नव्हतो. या सोमवारी मात्र बरं वाटलं असतं ओरडलो असतो तर.

मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी मी केलेला हात बाजूला ठेवला, रिकाम्या टेबलावर नुसतं कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात गुरुवारी सगळ्या पालकांसाठी मोठं प्रदर्शन आहे, तोवर खरा हात आणा. अपेक्षाने मला विचारलं (आईमार्फत), माझा हात कुठाय? मी सांगितलं, सुरक्षित आहे. आणि तेव्हापासून लपूनछपून पुठ्ठ्याचा तसाच हात करायला बसलोय. सहा दिवस झाले. जमत नाही! अंगठा सारखा बारीक होतो, तळवा सरळ येतो, आणि न वाकणारं बोट मुद्दाम करायला गेलो तरी तेच सगळ्यात छान वाकतं. त्या लेकराने माझा हात माझ्यापेक्षा नीट पाहिलाय, एवढं मला कळलं. बाकी सगळं क्षेम.

आपला,
भीमराव

ता. क. १: गेल्या रविवारी आनंदच्या हाती खोकं पाठवलं, त्यात तुमचं भिंतीवरचं घड्याळ होतं, मी दुरुस्त केलेलं. त्याला गाडीची घाई होती, काच हलू नये म्हणून टेबलावरचा एक जुना पुठ्ठा आत दाबून बसवला होता. तो पुठ्ठा म्हणजे तो हात. आनंद आज पुन्हा मित्राच्या लग्नाला तिकडे येतोय, हे पत्र तोच उद्या देईल आणि मंगळवारी रात्री परत निघेल. त्याच्याकडे हात द्यावा.

ता. क. २: घड्याळाची चौकशी म्हणून आज सकाळी ताईला फोन केला. ती म्हणाली, गुडघ्यामुळे खोकं आठवडाभर बांधलेलंच होतं, आज उघडलं, आणि त्यातून पुठ्ठ्याचं काहीतरी निघालं ते घेऊन तुम्ही अंगणात बसलाय, एक बोट अडकतंय म्हणून. मी म्हटलं, थांबव त्यांना. ती म्हणाली, चाळीस वर्षांत जमलं नाही, आता तूच लिही. म्हणून हे पत्र. भाऊजी, पाया पडतो, हात खिशात घाला. बोट वाकायला लागलं असेल तर पुन्हा बिघडवायला बसू नका, ते तुम्हालाही जमणार नाही.

ता. क. ३: पाकीट चिकटवताना अपेक्षा मागे येऊन उभी होती, सगळं वाचलं तिने. म्हणाली, "आजोबा, मोठ्या आजोबांनी ते वाकवलं असलं तर?" (थेट मला म्हणाली! आई स्वयंपाकघरात होती.) मी म्हटलं, मग काय करायचं? ती म्हणाली, "पुन्हा मोजू. पण तुम्ही हलायचं नाही." तर अक्षर इथून पुढे वाईट आलंय ते समजून घ्या. उजवा हात तिने कागदावर दाबून धरलाय, पेन्सिलने त्याच्याभोवती रेघ ओढतेय, आणि मी हे डाव्या हाताने लिहितोय.