भत्त्याची ओळ

ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

चिमणीचा वाढदिवस झाला. तू येणार म्हणून पोरीने सकाळपासून दारातलं पायपुसणं किती वेळा सरळ केलं त्याची गणतीच नाही. दुपारी तुझा फोन आला, की एक डिस्क गेली आणि आता तुला गाव सोडता येत नाही. मी फोन ठेवला. बोलले असते तरी तुला ऐकू गेलं नसतं. तुझ्या त्या कामाच्या खोलीत डिस्क फिरतात की पिठाची गिरणी, देव जाणे. म्हणून हे पत्र. कागदाला घूं घूं नसते.

एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. वीज वाचावी म्हणून मी दुपारी फ्रीज बंद करते, आणि त्यावरून तू मला हसतेस. परवा बंद केला, तर चिमणीने भोकाड पसरलं. म्हणाली, आजीने आईचा फोन ठेवला. ती फ्रीजला कान लावून काहीबाही सांगत बसायची, मला वाटायचं खेळतेय. तुझे फोन त्या खोलीतूनच येतात ना, त्यामुळे ती घूं घूं म्हणजेच आई असं तिने धरलंय. मला आधी हसू आलं. मग भाजी चिरायला बसले ती चिरतच राहिले. संध्याकाळी पाहिलं तर चार माणसांची भाजी झाली होती आणि खाणाऱ्या आम्ही दोघी.

आमच्या चिरंजीवांचा बोटीवरून फोन आला होता. समुद्रात राहून जेवण अळणी असतं म्हणतो. मी म्हटलं, बाहेर हात घाल.

डिस्क गेली म्हणजे नक्की काय गेलं, आणि एक गेली तर तू का अडकून पडायचं, ते मला समजेल असं लिही. मॅट्रिकच्या पुढचं लिहू नकोस. गुडघे दुखतात, पण त्यांची आता सवय झाली. तुझी माया पोचते आहे. ती अशीच येऊ दे.

तुझी,
सासूबाई


ता. १७ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

फ्रीजचं वाचलं. दोन दिवस उत्तर लिहवलं नाही. भाड्याच्या खोलीवर पोचते तोवर चिमणी झोपलेली असते, आणि रविवारी दिवसभर मी त्या कामाच्या खोलीत, कारण डिस्क तपासायचा तोच वार. तिने फोनवर माझा आवाज शांततेत ऐकलाच नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत ते सांगते. आमच्या हॉस्पिटलात काढलेले सगळे एक्स-रे आणि स्कॅन या डिस्कवर साठवतात. प्रत्येक डिस्कच्या आत तबकड्या असतात, त्या रात्रंदिवस फिरतात आणि झिजतात. एक गेली की नवी बसवायची. मग बाकीच्या डिस्क मिळून गेलेलीवरचं सगळं नवीवर पुन्हा भरतात. त्याला तीन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात आणखी एखादी गेली, तर कुणाच्या तरी छातीचे फोटो कायमचे जातात. म्हणून मला हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या अंतरात राहावं लागतं. त्याचा ऑन-कॉल भत्ता मिळतो. घराचा हप्ता त्याच भत्त्यातून जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता साहेबांनी नवी खरेदी काढली आहे. पुन्हा फिरत्या डिस्क घ्याव्यात, की सगळं फ्लॅशवर न्यावं? फ्लॅश म्हणजे मोबाइलमध्ये असतं तसलं, आत काहीच फिरत नाही. तेवढ्याच जागेला फ्लॅशची किंमत चौपट. तुलना मी लिहायची आहे, महिनाअखेर द्यायची आहे.

विकणारा म्हणतो, आमची फ्लॅशची पेटी माहिती दाबून पाव जागेत बसवते, म्हणजे किंमत सारखीच झाली. मी आमचे फोटो टाकून पाहिले. ते आधीच दाबलेले असतात, आणखी दबेनात. मी आकडे पुढे ठेवल्यावर त्याने चहा मागवला आणि विषय बदलला. दुसरीकडे फिरत्या डिस्कची वीज, त्यांना गार ठेवणारे एसी, त्यांची तीन कपाटं, वर्षभर बदलत राहायच्या डिस्क, हे सगळं स्वस्त किमतीच्या मागून येतं. सगळंच फ्लॅश घेतलं तर पाच वर्षांनीही महाग पडतं. पण नवे फोटो फ्लॅशवर आणि जुने फिरत्या डिस्कवर ठेवले, तर नुसत्या फिरत्या डिस्कच्या खर्चाशी जवळजवळ बरोबरी होते. जुन्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या इमारतीत असतेच, म्हणून त्यांची डिस्क गेली तर चार दिवसांनी बदलली तरी चालते, मला गावात अडकून राहायला नको.

बरोबरी आहे ती माझा भत्ता न धरता. तो फिरत्या डिस्कच्या खर्चात धरला, की नुसत्या फिरत्या डिस्क सरळ महाग पडतात. तो खर्च खराच आहे. पण ती ओळ लिहिली की फ्लॅश येणार, भत्ता बंद होणार, आणि लिहिणारी मीच. मी ती अजून लिहिलेली नाही. आई, फार थकले आहे. तुम्ही सांगाल तसं करीन.

चिमणीला पापा. गुडघ्यांना तेल लावत जा, नुसती सवय करून घेऊ नका. आशीर्वाद असू द्यावा.

तुमची,
सून


ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दाबून बसवायचं मला लगेच कळलं. तुझ्या लग्नात घड्या घालून भरलेल्या बॅगेवर मी नि तुझी आई दोघी बसलो होतो, तरी कुलूप लागलं नव्हतं. तुझ्या विकणाऱ्याला त्या बॅगेवर बसवायला हवं.

बाकीचं मात्र तू मला विचारू नये. माझं मन यात स्वच्छ नाही. तू घरी यावीस असं मला वाटतं, आणि हप्त्याचे पैसेही यावेत असं वाटतं. देवाजवळ जाऊन बसले. पण मला हवं ते उत्तर खिशात घालूनच त्याला विचारायला बसले होते. लाज वाटली, उठले.

मग भात गॅसवर टाकून बसले असताना एक मनात आलं. लग्न झाल्यापासून मी घरचा खर्च लिहिते. काड्यापेटीसुद्धा सोडत नाही. त्या सगळ्या लिहिण्यात मी कुठेच नाही. तुझे सासरे चारचौघांत सांगायचे, आमचं घर किती कमी खर्चात चालतं. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. घर कमी खर्चात चालत नव्हतं गं, मी उठत होते. पहाटे पाण्याला मी, दुखण्याखुपण्याला मी, पाहुण्यांना मी. आज हे गुडघे बघते आणि वाटतं, ती ओळ कुणीतरी लिहायला हवी होती. मी तरी.

तुला असं कर म्हणून सांगत नाही. पण लिहायची म्हटलीस तर हप्त्याचा घोर माझ्यावर टाकून लिही. दुधाचा रतीब निम्मा करता येईल. चिरंजीवांना मी कळवीन, की पगारातले थोडे आणखी पाठव आणि अळणी खा. शिकवणीच्या दोन मुली विचारून गेल्या आहेत. त्यांना बेरीज-वजाबाकी शिकवायला मी पुरे.

आणि नाही लिहिलीस तरी मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. दमलेल्या माणसाला कुणी जाब विचारू नये.

चिमणी बरी आहे. दुपारी फ्रीज बंद करायच्या आधी आता तिची परवानगी घ्यावी लागते. देव तुझ्याजवळ आहे, मीही आहे.

तुझी,
सासूबाई


ता. ११ मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

लिहिली ती ओळ. सगळ्यात शेवटी लिहिली, आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेले. परत आले तर ते त्याच ओळीवर बोट ठेवून बसले होते. म्हणाले, हा खर्च आजवर कुणी दाखवलाच नव्हता. पुढे म्हणाले, बरं झालं, वाचेल. त्यांना पैसे वाचलेले दिसले, माणूस काही दिसला नाही. पण मंजुरी मिळाली. नवे फोटो फ्लॅशवर, जुने फिरत्या डिस्कवर, आणि ती कपाटं तळघरात. पेट्या एप्रिलात येतील. फोटो हलवून झाले की भत्ता बंद. शनिवार-रविवार माझे.

मला वाटलं होतं, आनंद होईल. अजून झालेला नाही. झोप मात्र लागली, पहिल्यांदाच फोन उशाशी न घेता. एप्रिलभर फोटो हलवायचं काम आहे, तेव्हा पत्र आलं नाही तर काळजी करू नका. सगळं मार्गी लागलं की त्या खोलीतूनच फोन करीन.

रतीब निम्मा करू नका, चिमणीचं दूध तेवढं राहू द्या. तुमच्या मायेत मला ठेवा.

तुमची,
सून


ता. ५ मे

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

काल दुपारी फोन वाजला. उचलला, तर पलीकडे काहीच नाही, घूं घूंसुद्धा नाही. चुकून लागला असेल म्हणून ठेवणार होते, तेवढ्यात तुझा श्वास ऐकू आला. एवढ्या वर्षांत फोनवर मी तुझा श्वास कधी ऐकला नव्हता. मग तू आई म्हणालीस. किती हळू बोलतेस गं तू! मला वाटायचं माझी सून ओरडून बोलते.

चिमणीला फोन दिल्यावर काय झालं, ते तू विचारत होतीस आणि मी टाळलं. आता लिहिते, कारण न लिहिलेलं पुढे गुडघ्यात येतं. तिने ऐकलं, फोन उलटा करून पाहिला, आणि मला परत दिला. म्हणाली, आजी, यात आई नाही. तू तिकडून हाका मारत होतीस, आणि ती केव्हाच स्वयंपाकघरात गेली होती.

रडू नकोस. मी तिला काही समजावलं नाही. ते माझ्याने व्हायचं नाही, आणि फोनवर तुझ्यानेही व्हायचं नाही. शनिवारी ये, तिला मांडीवर घे आणि बोल. आधी लांबच बसेल, अंगठा चोखेल. थोडा वेळ दे. मी ओट्याशी असेन, मध्ये बोलणार नाही.

हप्त्याचं जमतंय. शिकवणीच्या मुली आता तीन झाल्या. चिरंजीवांनी पैसे पाठवले, वर चौकशी, की भाजी अजून चार माणसांची करतेस का. शनिवारी करणार आहे.

तोवर फ्रीज दुपारी चालूच ठेवते आहे. जाईल वीज तेवढी जाईल. चिमणी कान लावून बसली आहे, शनिवारचं काहीतरी सांगते आहे.

वाट बघणारी,
सासूबाई