कोणाची कळ

श्रावण वद्य ३, शके १८०८
पोशीरच्या वरच्या अंगाला, रानाला टेकून हिरूचं घर. आज सुखरूप पोचले. हिरू माझ्या मयत बहिणीची लेक. पहिलटकरीण, दिवस भरलेले. मला पाहून म्हणते, मावशे, वाटेतच म्हातारी झालीस काय गं! जावई सखा माथेरानला बंगल्यांवर ओझी वाहतो, तो आठवड्यानं उतरेल. परसातल्या उतारावर कळलावी फुललीय, लाल-पिवळी, चुलीतल्या जाळासारखी. पानांच्या शेंड्यांना आकडे. माझं लुगडंच धरलं, लबाड! नाचणीची भाकरी खाल्ली, पाय पसरले. पुतण्यांच्या पाट्या पाहून शिकलेली ही अक्षरं वेडीवाकडी, पण माझी.

वद्य ५
कळलावीचा कंद खणून आणला. बाई अडली तर मांडीला बांधायचा, मूल बाहेर येताच सोडायचा. कितीजणी अशा सोडवल्या मी. शेजारची भागूबाई दारातच खेकसली, कोनाची कळ ते सांगून खणलं का? नाव घेतल्याबिगर कळलावीला थांबायचं कळत नाय. मी म्हटलं, फुलाला कान कुठं असतात बाई? ती हसली नाही.

वद्य ७, सकाळ
हिरू अडली. कंद बांधला. घटकेत मुलगी झाली, कोवळी काकडीच. देवा, पावलास. दोरा सोडायला गेले, तर गाठ शाबूत आणि कंद नाही. अंथरूण झटकलं, जमीन चाचपली. नाही.

वद्य ७, दुपार
वार पडली. पोट उतरत नाही. कळा येतच आहेत — आता कसल्या? हात ठेवला तर आत काहीतरी मुळासारखं सरकत — हिरू विचारते, मावशे, अजून कोण यायचंय गं?

वद्य ८
भागूबाई उंबरा ओलांडीना. तान्हीला तेवढं दारातूनच घेऊन गेली. म्हणाली, अजून बी नाव सांगा. ज्याचं नाव घ्याल त्याच्याकडं जाईल ती.
हिरूचे ओठ निळे पडलेत. आता कोणाचं नाव —
उतारावर गेले. मोठ्यानं सांगितलं. अंबाबाई. माझं.

वद्य ८, तिसरा प्रहर
हिरू उठून बसली. पोट सपाट. पेज मागते. जिंकले गं बाई —
माझी कूस कधी उजवली नाही. साऱ्यांना म्हणत आले, सोस की जरा, एवढं काय त्यात. मला कुठं ठाऊक होतं की कळ अशी —
थांबली. नाही, परत —
हिरूला हाक मारू नये. ओली बाळंतीण, घाबरेल. मधल्या दाराला कडी घातलीय. लुगड्याची गाठ आपोआप सै—
सोसते. सोसते. आई गं, हे तर खाली न येता वर गळ्या—