पुढच्या खोलीची किल्ली

मी, खाली सही करणारा, जहाजावरचा निवृत्त वेल्डर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. ‘पूर्ण शुद्धीत’ हे शब्द वकीलबाई प्रत्येकाच्या कागदावर घालतात. माझे मात्र कमावलेले आहेत, म्हणून जरा ठळक काढलेत.

१. राहतं घर, मागचं अंगण आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. मी प्यायचो तेव्हा हे घर तिच्या शिवणकामावर उभं होतं, म्हणजे तिचंच तिला परत देतोय. यावर कोणी तोंड उघडू नये.

२. वेल्डिंगचं मशीन आणि काळ्या काचेचा मुखवटा मुलीला. जावईबापूंनी ते भंगारात घालायचा विचारही करू नये. तिचा जोड माझ्यापेक्षा सरळ येतो, हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, ते इथे सांगतो.

३. रस्त्याकडची पुढची खोली, खुर्च्या आणि चहाच्या किटलीसकट, दारू सोडणाऱ्यांच्या संध्याकाळच्या बैठकीला. ती विकू नये, भाड्याने देऊ नये, दुकान तर मुळीच थाटू नये.

याचं कारण लिहिणं भाग आहे. एका परक्या बंदरात, जिथली भाषा मला ओ की ठो कळत नव्हती, जहाजावरच्या स्वयंपाक्याने मला दंडाला धरून अशाच बैठकीत नेऊन बसवलं आणि तो बाजाराला गेला. लोक आळीपाळीने बोलले, रडले, हसलेही. उठताना एका म्हातारीने माझ्या हातात खोलीची किल्ली ठेवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आपल्याला वॉचमन म्हणून ठेवून घेतलं. नोकरी ती नोकरी, म्हणून दुसऱ्या दिवशी न पिता वेळेवर हजर झालो. सगळे थंडीत दाराबाहेर उभे होते. मला बघून टाळ्या वाजवू लागले. स्वयंपाकी नंतर पोट धरून हसला. तिथली रीतच होती, किल्ली सगळ्यात नव्या माणसाकडे. तो आला नाही तर सगळेच बाहेर.

पुढे बंदरं बदलली, भाषा बदलल्या, पण ‘बस’ म्हणणारं कोणी ना कोणी सगळीकडे भेटलं. किल्लीची रीत मात्र त्या एकाच खोलीची. ती मी घरी आणली.

४. धाकट्या भावास काहीही देत नाही. त्याला त्या खोलीत दुकान हवं होतं. बैठकीला तो ‘दारुड्यांचा अड्डा’ म्हणायचा. “कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच,” हे मला ऐकवायचा, आणि तेही हातात ग्लास धरून. तरी माझा जीव त्याच्यातच अडकलाय. मी जायच्या आत त्याने एकदा तिथे बसावं, एवढंच मागणं आहे. ते मृत्युपत्रात बसत नाही, असं वकीलबाई म्हणतात.

५. (सही करण्यापूर्वी वाढवलेलं कलम.) काल संध्याकाळी धाकटा आला. दारातूनच म्हणाला, “दादा, बसू का?”

“बस की. खुर्च्या कशाला ठेवल्यात?”

उठताना रीतीप्रमाणे किल्ली त्याच्याकडे गेली. आज सकाळी सह्या याच खोलीत ठरलेल्या. वकीलबाई, साक्षीला बोलावलेल्या डॉक्टरीणबाई, आम्ही सगळे कुलपाकडे बघत रस्त्यावर उभे. पत्नी हळूच म्हणाली, “घरात दुसरी किल्ली आहे ना?”

आहे. मी काढली नाही. वेळ टळून गेली.

मग तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, घामाने निथळलेला. कुलपाशी बराच वेळ खटपटला. “दादा, हात थरथरतोय. लागत नाही.”

“लागेल. आम्हाला कुठे गाडी पकडायचीय?”

कुलूप उघडलं. टाळ्या मीच आधी वाजवल्या.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी बजावलंय. म्हणून कलम चार जसंच्या तसं कायम. त्याला काहीही देत नाही.

लिहून ठेवणार: सही. वेल्डर
साक्षीदार पहिली: सही. डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरा: सही, जरा वाकडी, पण पूर्ण शुद्धीत. धाकटा भाऊ

स्थळ: पुढची खोली
दिनांक: आजचा, शनिवार. किल्ली अजून त्याच्याकडेच आहे.