एका कानापुरते अल्बम

४ मार्च, बुधवार

दंतवैद्यानं घोळ घातला! संध्याकाळी सीडी काखेत मारून दारात हजर, आणि हिला म्हणतो, "वहिनी, धीर सोडू नका. कान गेला म्हणून माणूस काही जात नाही."

हिला काहीच माहीत नव्हतं. मलाच परवा कळलं — उजव्या कानामागेही गाठ. काढावी लागणार, आणि तिच्याबरोबर ऐकू येणंही जाणार. डावा तर हिवाळ्यातच ठार झाला. हिला आपलं "जरा कमी येतं" एवढंच सांगून ठेवलेलं. आता हे नवं कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, तर काल मंडळात तोंडातून निघून गेलं. मंडळ कसलं — मी, दंतवैद्य, लिफ्ट दुरुस्त करणारा आणि एक निवृत्त नकाशेवाला. दर मंगळवारी माझ्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, आपापले आवडते अल्बम एकमेकांना ऐकवायचे आणि भांडायचं.

ही फरशी पुसत होती. फडकं पिळलं. म्हणाली, "आधी मंडळ, मग बायको. बरं."

एवढंच. आत गेली.

५ मार्च

अबोला! लेकीमार्फत कारभार सुरू. "बाबांना सांग, डबा ओट्यावर ठेवलाय." मी समोरच बसलेला!

कान जाणार माझा, आणि रुसायचं हिनं. दुष्काळात तेरावा महिना.

९ मार्च

सकाळी नेहमीसारखं हिला पोस्टात सोडलं. आज गाडीत दंतवैद्याची सीडी. पियानो आणि बास, दोघंच. चांगली आहे म्हणतात. माझ्या नशिबी नुसता बास — पियानो सगळा डावीकडून! दोन माणसांचं बोलणं, त्यातलं एकच ऐकायचं. तरी शेवटपर्यंत ऐकली. ही शेजारी, काचेबाहेर तोंड करून.

१० मार्च, मंगळवार

मंडळात ठराव झाला. प्रत्येकानं आपला आजवरचा सर्वांत आवडता अल्बम द्यायचा, मी ऑपरेशनच्या आधी सगळे ऐकायचे आणि पहिला नंबर जाहीर करायचा. परीक्षक म्हणून माझी नेमणूक — कारण माझं मत पुढे कधी बदलणार नाही, असं नकाशेवाला म्हणाला. मग स्वतःच ओशाळला. कुणी हसलं नाही, म्हणून मीच हसलो.

लिफ्टवाल्यानं पिशवी हातात दिली. "घाई नको. जिन्यानं चढल्यासारखा ऐका."

ऑपरेशन चोवीसला. तोही मंगळवारच.

१३ मार्च

लेक वैतागली. "आई म्हणते, बाबा उत्तरच देत नाहीत."

"उत्तर द्यायला आधी प्रश्न लागतो," मी म्हणालो.

"तुम्ही दोघं ना, एका माळेचे मणी!" दप्तर आपटून निघून गेली. या वयात मुलीकडून ऐकून घ्यायचं. पण ऐकू आलं, हेही काही कमी नाही.

१४ मार्च

नकाशेवाल्याचा अल्बम भिकार. त्याला कसं सांगू.

१७ मार्च

लिफ्टवाल्याचा लावला. नुसते आवाज, वाद्य एकही नाही. गिरणीतल्या बायकांनी सुट्टी झाल्यावर तिथेच उभं राहून गायलेलं. मध्येच कुणी खोकतं. शेवटच्या गाण्यात एकेक आवाज कमी होत जातो — बायका घरी निघाल्यात! — आणि एकच उरते. मी मोठ्या सिग्नलला गाडी थांबवली आणि रडू फुटलं. उजवाही आता पातळ झालाय. ती शेवटची बाई मला पुरती ऐकूच येईना. मान वळवून कान दाराच्या स्पीकरशी नेला.

तेवढ्यात हिनं बटणाकडे हात नेला. बंद करणार! मी म्हणालो, "राहू दे ना. शेवटचंच आहे."

अबोल्यानंतरचं हिच्याशी माझं पहिलं वाक्य. हात मागे घेतला हिनं. पोस्ट आलं तेव्हा दारसुद्धा हळूच लावलं. एरवी आपटते.

२० मार्च

खरं लिहितो. इथे कोण वाचतंय.

मला कुणाचाच अल्बम नकोय. तिघांचं जन्माचं भांडवल गाडीत पडलंय, आणि मला हवीय ती हिची बडबड. पोस्टातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी. "तुम्हाला एक काम नीट जमेल तर शपथ!" — एवढं म्हणाली तरी चालेल. इतकी वर्षं फुकट मिळालं, तेव्हा मी हेडफोन लावून बसायचो.

मग बोलत का नाही मी? बोलणार होतो. काल गाडीत तोंड उघडलं होतं. हिचं तोंड तसंच काचेकडे. म्हटलं, जाऊ दे. हिलाच नकोय तर मी का नाक घासू?

भीती वाटते. फार भीती वाटते.

२३ मार्च

भरती झालो. मंडळाला कळवलं — लिफ्टवाला पहिला. दंतवैद्य म्हणे रुसलाय.

रात्री ही आलीय. खाटेच्या डाव्या अंगाला खुर्ची घेऊन बसली, माझ्या उशीशी वाकून. मी डोळे मिटून हेडफोनवर पुन्हा त्या गिरणीतल्या बायका ऐकल्या. डोळे उघडले तर ही पदरानं तोंड पुसत होती. मग नर्स आली.

३१ मार्च

तेलही गेलं, तूपही गेलं. काहीही नाही. आपला श्वाससुद्धा नाही.

डॉक्टरांनी हिला आज सगळं समजावलं. डावा हिवाळ्यापासूनच ठार होता, हेही. बाहेरून आली ती पांढरीफटक. माझ्या उशाची वही ओढून लिहिलं — "मी गाडीत रोज बोलत होते. पहिल्याच सोमवारी 'माझं चुकलं' म्हणाले मी. वाटलं, तुम्हालाच नकोय."

"आणि त्या रात्री, इथे? काय म्हणत होतीस?" मी विचारलं. ओरडलो असणार, शेजारचा पेशंट उठून बसला.

पेन्सिल कागदावर टेकवली, पुन्हा उचलली. मग लिहिलं, "ते लिहून नाही सांगता येत."

उठली. खुर्ची उचलली, आणि वळसा घालून उजवीकडे येऊन बसली. आता काय उपयोग!