एकशे चौदा कार्डं

भोपळेवस्ती उपकेंद्र, ता. बारामती
दि. २२ नोव्हेंबर १९९८

ती. सारजाआक्कांना,

तुळसाचा जयभीम, आणि वर वाकून नमस्कारही. (एक माझ्या घरचा, एक तुमच्या घरचा. तुम्ही दोन्ही घेता हे बावीस वर्षांपूर्वी तुमच्या हाताखाली नर्स म्हणून रुजू झाले तेव्हापासून ठाऊक आहे.) गुडघा कसा आहे? तेल चोळता, की नुसतं बाटलीकडं बघता? ऑगस्टात निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून कुणाच्या दारात जाता? की आता लोकच तुमच्या दारात येतात? इकडं मी बरी आहे. जरा वाळलेय, पण ते उपकेंद्राच्या काट्यावर विश्वास ठेवला तर. त्या काट्यावर गेल्या आठवड्यात नवजात बाळ अकरा किलोचं भरलं होतं.

तर आमच्या यंत्राची हकिकत. तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. उन्हाळ्यात आमच्या मोठ्या केंद्रावर संगणक आला. जीपमधून, गोधडीत गुंडाळून, शिपायाच्या मांडीवर. आपल्याकडं कुठली बाळंतीण इतकी जपून आणलेली मी तरी बघितली नाही. त्याला स्वतंत्र खोली, खोलीला गार हवेची पेटी, आणि दारात चपला काढायच्या. (बाळंतपणाच्या खोलीतला पंखा मार्चपासून बंद आहे. तिथं चपला घालून गेलेलं चालतं.) नारळ फोडायचं ठरलं, पण पाणी उडेल म्हणून तो अंगणात फोडला आणि यंत्राला नुसता दाखवला. चालवायला बसवले आपले आकडेवारीचे जुने क्लार्क बुद्धघोष सर. पन्नाशीचा माणूस, पण यंत्रापुढं बसले की नव्या जावयासारखे ताठ.

योजना मात्र चांगली होती, आक्का. हे मी आजही म्हणेन. गरोदर पोर सासरी असताना आमच्याकडं तपासून घ्यायची, बाळंतपणाला माहेरी तुमच्या इंदापूरकडं जायची, आणि मधल्या पन्नास किलोमीटरांत तिचं रक्त, बीपी, पायावरची सूज सगळं हरवायचं. आता इकडं लिहिलेलं तिकडं दिसणार. दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलणार, असं सर म्हणाले. बोलणार म्हणजे काय, तर फ्लॉपी नावाची एक चौकोनी चकती एसटीनं इंदापूरला न्यायची. पहिल्यांदा ती माझ्याकडं दिली. 'उन्हात ठेवू नका, जपा,' एवढंच सांगितलं. आता नर्सला जपायला सांगितलं की ती काय करणार? मी ती लशीच्या डब्यात बर्फावर ठेवली. इंदापूरला झाकण उघडलं तर फ्लॉपी पाण्यात. तिथल्या बाई म्हणाल्या, 'ह्यातून आता फक्त पोलिओच जाईल.'

मग यंत्राला जन्मतारखा पाहिजे झाल्या. आपल्या बायका काय सांगणार? कुणी 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी', कुणी 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी'. सरांनी वैतागून सगळ्यांची एक जून लिहिली. यंत्राच्या हिशेबानं आमच्या भागात बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांत एकही मुलगी जन्मलेली नाही. आणि नावं! लग्नात नाव बदललेलं. एकच बाई सासरी एक, माहेरी दुसरी. यंत्र म्हणतं, ह्या दोघी आहेत.

तुमच्या चिंचमळ्याची ती पोर तशीच. आई साखरबाईनं चौथी मुलगी झाली म्हणून नकोशी नाव ठेवलेलं, इकडं सासू तानूबाईनं लग्नात बदलून प्रतिक्षा केलं. तपासायला आली तेव्हा मी विचारलं, यंत्रात काय लिहू? ती पोट धरून हसली. 'लिवा की बाई, हितं प्रतिक्षा, तितं नकोशी. न्हायतर तुमचं मशीन मला हुडकत बसंल.' आठवा महिना होता. बीपी एकशे साठ, पायांवर सूज. मी तिच्याजवळच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच. तोंडीही सांगितलं. पण पहिलटकरीण माहेरी गेल्यावर सासरच्या नर्सचं बोलणं कुणाला सांगते?

पुढचं तुम्हीच माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. सकाळी तिला झटके आले. घरच्यांना वाटलं फेफरं, त्यांनी कांदा हुंगवला. बैलगाडीतून तुमच्याकडं आणली तेव्हा तुम्ही पहिलं विचारलंत, 'कार्ड कुठंय?' पिशवी उलटी केली. दोन लुगडी निघाली, खारीक निघाली, कार्ड नाही. तुम्ही बीपी बघून लगेच पुढं पाठवलंत. तालुक्याला बाळ वाचलं. मुलगी झाली. प्रतिक्षा गेली. कार्ड हातात असतं तर त्या पोरीला तुम्ही पंधरा दिवस आधीच हलवली असती, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. निरोपसमारंभाला तुम्ही हार घेतला नाहीत, असं ऐकलं. त्यात तुमची चूक नव्हती, आक्का. हे मी कुणापुढंही सांगेन.

चौकशीला साहेब आले. कार्ड कुठं गेलं म्हणाले. मी म्हटलं, सासरी राहिलं असेल, सासूनं ठेवलं असेल ट्रंकेत. साहेबांनी लिहून घेतलं. ते लिहिलेलं मात्र कुठल्याही यंत्राशिवाय दोन दिवसांत चिंचमळ्याला पोचलं. तानूबाई नातीला बघायला कुंची शिवून घेऊन गेली, तर साखरबाईनं उंबऱ्यावरूनच परतवली. 'कार्ड दडवून माझी लेक खाल्लीस. आता नात बघाया आलीयस व्हय?' बाळाच्या बापालाही आत घेतलं नाही. तीन महिन्यांची झाली लेक, बापानं अजून मांडीवर घेतलेली नाही. तानूबाई हल्ली गिरणीत आली की बायका आपापले डबे उचलून लांब सरकतात. ती रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसते. 'नर्सबाई, भंडारा उचलून सांगते, म्या न्हाय ठिवलं. मला वाचता येत न्हाय, म्या कशाला दडवू? तुमाला तर ठावं हाय, पोरीला कशी जपली म्या.' मी तिला चहा देते. दुसरं काय द्यायचं, कळत नाही.

यंत्रात प्रतिक्षाची माहिती शेवटी भरली गेली. सरांनी माझ्या रजिस्टरवरून भरली, बीपीसकट, सुजेसकट. फ्लॉपी इंदापूरला पोचली, या वेळी अगदी कोरडी. तेरावं होऊन पाच दिवस झाले होते.

घरच्या सगळ्यांना नमस्कार. थंडी पडलीय, गुडघ्याला लोकरीचं बांधा.

तुमची,
तुळसा

ता. क. मागच्या वेळी तुम्ही कुळथाचं पीठ पाठवलं होतं, ते संपलं. पाठवलंत तर बरं, नाही पाठवलंत तरी चालेल.

ता. क. कुळथाचं पीठ मागायला कुणी एवढं पत्र लिहीत नाही, हे तुम्हाला कळलं असणार. आक्का, कार्ड तानूबाईकडं नव्हतं. माझ्याकडं होतं. जुलैत हुकूम आला होता की गरोदर बायकांची कार्डं घरोघरून गोळा करा, यंत्रात भरायची आहेत. मी एकशे चौदा गोळा केली. बुधवारी प्रतिक्षाकडून घेताना म्हटलं, शुक्रवारी परत आणून देते. शुक्रवारीच ती माहेरी निघाली. मला माहीत होतं ती निघणार. पण त्या दिवशी मला मोरगावला लसीकरणाला पाठवलं, आणि केंद्रावर चार दिवस वीज नव्हती. कार्डं सरांच्या टेबलावर रबर लावून पडून राहिली. मी म्हटलं, आता ती सगळी माहिती तिकडं जाणारच आहे. ती गेल्याचा निरोप आला त्या दिवशी जाऊन बघितलं. तिचं कार्ड वरून तिसरं होतं. सरांच्या नकळत काढून घेतलं. साहेबांपुढं बोलले तेव्हा ते माझ्या पिशवीतच होतं.

साहेबांना खरं काय ते वेगळं लिहिलंय. दोन्ही पाकिटं आज एकाच पेटीत टाकते. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

ता. क. साखरबाईला तोंडानं सांगायचंय. कार्डही घेऊन येते, तिच्या हातात द्यायला. तानूबाईला उद्या संध्याकाळी पायरीवर सांगेन आणि गुरुवारी बरोबर आणीन, ती यायला तयार झाली तर. माझ्याबरोबर एका बाकावर ती बसेल का, माहीत नाही. साखरबाई मला मारायला उठली तर उठू द्या, मधे पडू नका, फक्त आत पाळण्याजवळ कुणी आरडाओरडा करू नये एवढं बघा. उत्तर पाठवू नका. उत्तर आलं की त्यात मी न येण्याचं निमित्त शोधेन. दहाची एसटी धरते. तुम्ही फाट्यावर उभ्या राहा, एकटीला त्या दारापर्यंत माझे पाय जायचे नाहीत.